फियाट ११००: वीस मिनिटं चालते, बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते

आधी लक्षण नीट सांगते. अर्धं निदान तिथेच असतं आणि मी नेमकी तिथेच घाई केली.

गाडी फियाट ११००, साठच्या दशकातली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, एकच सोलेक्स कार्बोरेटर आणि इंजिनाच्या अंगाला बसवलेला साधा डायफ्रामचा (रबरी पडद्याचा) पेट्रोल पंप. बाबांची गाडी. ते गेल्यावर चौदा महिने कव्हरखाली उभी होती. मग मी कव्हर काढलं.

ब्रेक, वायरिंग, रेडिएटर, पत्र्याचं काम यांवर सात महिने गेले. त्याबद्दल इथे लिहीत नाही, कारण त्यात अडलं असं काही नव्हतं. वेळ लागला एवढंच. अडलं ते गाडी रस्त्यावर आल्यावर.

थंड इंजिन अर्ध्या सेल्फला सुरू व्हायचं. चोक आत ढकलला की आयडलिंग एकसारखं. खेच चांगली, आवाज स्वच्छ. मग अठरा ते बावीस मिनिटांनी एक आचका. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी उलट मागे ओढल्यासारखी. आणखी दोन-चार आचके आणि बंद. सेल्फ मारत राहिलं तर एखाद-दुसरा ठोका देऊन गप्प. अर्धा तास नुसतं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. आणि पुढे तेच.

त्या अर्ध्या तासाबद्दल थोडं. गाडी बंद पडली की आपल्या हातात काही नसतं. घरी मी सतत कशात तरी गुंतलेली असायचे: कागदपत्रं, कपाटं, फोन. बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला थांबलं की ते सगळं गळून पडायचं आणि बाबा नाहीत एवढंच उरायचं. ड्रायव्हरच्या सीटवर तेव्हा बसवायचं नाही. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसायचे, लहानपणीच्या जागेवर. हे सांगायचं कारण म्हणजे अशा मनःस्थितीत केलेल्या नोंदींवर फार विसंबू नका. माझ्या पहिल्या चार नोंदींत वेळ आहे, ऊन किती होतं ते आहे, वेग आहे. टाकीत पेट्रोल किती होतं ते एकीतही नाही. सगळं कोडं तिथेच होतं.

पहिला संशय: करंट

मिस्त्रींनी ऐकल्या ऐकल्या निकाल दिला. “कंडेन्सर, ताई. गरम झाला की मरतो, थंड झाला की जिवंत.”

निदान चुकीचं म्हणता येणार नाही. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर किंवा कॉइलमधली बारीक तार तापल्यावर दगा देते, तेव्हा लक्षण हुबेहूब असंच असतं. म्हणून ठिणगी पाडणारी यंत्रणा, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल, असं तिन्ही एकदम बदललं. पॉइंटचा गॅप मी स्वतः लावला, बाबांच्या फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याने. त्यातल्या ०.४० मिलिमीटरच्या पात्याच्या बुडाशी इन्सुलेशन टेपचा बारीक तुकडा गुंडाळलेला होता, चष्मा न लावता पातं हाताला लागावं म्हणून. टेपचं सुटलेलं टोक बोटं लागून लागून काळं कुळकुळीत झालेलं. मी ते पुन्हा चिकटवलं नाही. पातं पुसलं, तेल लावलं, टेप तसाच ठेवला.

घराभोवती दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या मारल्या. गाडी झकास. खुशीत टाकी फुल्ल केली आणि दुसऱ्या दिवशी लांब निघाले. एकोणिसाव्या मिनिटाला आचका.

माझी पहिली चूक अशी की बंद पडलेल्या गाडीवर मी करंट तपासलाच नव्हता. ती थंड होऊन पुन्हा सुरू झाल्यावर, घरी आणून तपासला. निरोगी गाडी तपासून आजार कसा सापडणार? तुमच्याकडे हेच लक्षण असेल तर एक जास्तीचा स्पार्क प्लग आणि पेचकस गाडीतच ठेवा आणि बंद पडल्यापासून पहिल्या दोन मिनिटांत दोनच गोष्टी पाहा.

पहिली: एका प्लगची वायर काढून जास्तीच्या प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला नीट टेकवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट यांच्या मागे लागू नका. ठिणगी पिवळी, अशक्त असेल किंवा पडतच नसेल तरच तिकडे वळा. दुसरी: एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहा आणि हाताने थ्रॉटल झटक्यात उघडा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. उडाली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवायच्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल आहे. नाही उडाली तर वाटी कोरडी आहे. क्रम मात्र पाळा. ठिणगीची तपासणी एअर क्लीनर जागेवर असताना आणि पेट्रोलच्या नळ्या जोडलेल्या असतानाच करायची. उघड्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडायची नाही.

हे दोन मिनिटांचं काम मी पाचव्यांदा बंद पडल्यावर केलं. ठिणगी निळी, पिचकारी नाही. म्हणजे गाडी पेट्रोलविना बंद पडत होती आणि आम्ही तिच्या विजेवर उपचार करत होतो.

दुसरा संशय: पंप

पंपाचा डायफ्राम जुना, कडक झालेला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून जुन्या गाड्यांचं रबर लवकर जातं, फुगतं किंवा चिरा पडतात, त्यामुळे संशय रास्त होता. डायफ्राम आणि व्हॉल्व्ह बदलले. पंपाची नळी बाटलीत सोडून पाहिली, मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास येत होतं. या इंजिनाला ते भरपूर झालं.

गाडी पस्तीस मिनिटं चालली. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, झालं काम. येताना टाकी फुल्ल केली.

पुढच्या वेळी एकविसाव्या मिनिटाला बंद.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

तिसरा संशय: एअर लॉक

जुन्या गाडीवाल्यांचा हा लाडका संशय. पंप इंजिनाला चिकटून बसलेला, इंजिन तापलं की पंप तापतो, त्यातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढायला बनवलेला आहे, वाफ ओढायला नाही, म्हणून तो नुसता फडफडत राहतो. पेट्रोल म्हणजे पुष्कळ द्रवांचं मिश्रण. त्यातला हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. बॉनेटखाली एवढी उष्णता सहज असते. ओलं फडकं पंपावर टाकायचं, गाडी लगेच सुरू झाली तर एअर लॉक.

मी फडकं टाकलं. सुरू झाली! मग पंपाखाली उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा घातला, नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली, तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटेसुद्धा लावले. चिमट्यांचा उपयोग होतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते चिमटे लावणाऱ्याला थंड ठेवतात, नळीला नाही.

फडक्याच्या परीक्षेत एक खोट आहे. बाटली शोधा, फडकं भिजवा, पंप गार होईपर्यंत थांबा, यात पंधरा-वीस मिनिटं जातातच. गाडी पाण्याने सुरू झाली की वेळ गेल्याने, हे कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी मी काहीच केलं नाही, फक्त घड्याळ पाहत बसले. तेवढ्याच वेळात सुरू झाली.

मग थंडीतल्या एका पहाटे सहाला निघाले. काचेवर दव, रेडिएटरचा काटा मधोमध, पंपाला हात लावला तर कोमट. अठराव्या मिनिटाला बंद. एअर लॉकचं प्रकरण तिथे मिटलं. चिमटे काढून घरी आणले.

चौथा संशय: टाकी

आता उरलं टाकीतलं गाळ-गंज. हाही खराखुरा आजार आहे: गंजाचा पापुद्रा ओढनळीच्या तोंडाशी जाऊन बसतो, पेट्रोल अडतं, इंजिन थांबलं की ओढ संपते, पापुद्रा खाली पडतो, वाट मोकळी. लक्षण तेच. टाकी उतरवली. (उतरवताना जवळपास ज्योत, ठिणगी, चालू दिवा काही नको, आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, टाकी कोरडी दिसली तरी आत बसून राहते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक.) आतून गंज निघाला, पण ओंजळभरही नाही. साफ केली, वाळवली, बसवली, पंपाच्या आधी पारदर्शक बाटलीचा फिल्टर लावला, म्हणजे कचरा आला तर दिसेल.

दहा लिटर पेट्रोल घालून निघाले. दीड तास चालवली. एकही आचका नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी सीट पुढे ओढली. बाबा उंच होते; इतके महिने मी त्यांच्याच मापाच्या सीटवर उशी पाठीला लावून क्लच दाबत होते. मांडीखालची पट्टी ओढली, सीट दोन खाचा पुढे आली, आणि खालून वर्षानुवर्षांची धूळ आणि एक पेन्सिल निघाली.

दुसऱ्या दिवशी टाकी फुल्ल केली. विसाव्या मिनिटाला बंद. फिल्टरची बाटली काचेसारखी स्वच्छ होती, आणि अर्धी रिकामी.

खरं सांगते, त्या संध्याकाळी गाडी विकायचा विचार पक्का झाला होता.

वहीकडे पुन्हा

विकायचीच तर जो घेईल त्याला नीट माहिती द्यावी म्हणून मी सगळ्या फेऱ्या एका कागदावर मांडल्या. या वेळी पेट्रोल भरल्याच्या पावत्या समोर ठेवून टाकीत किती असावं याचा अंदाजही लिहिला. टाकी फुल्ल असताना अठरा, एकोणीस, वीस, एकवीस मिनिटं. पाऊण टाकी असताना एकदा चाळीस, एकदा पंचेचाळीस. अर्धी किंवा त्याहून कमी असताना एकदाही नाही.

दुरुस्तीनंतर गाडी ‘बरी’ वाटायची, कारण तेव्हा फेऱ्या छोट्या असायच्या किंवा टाकी भरलेली नसायची. आणि काम फत्ते झालं म्हणून मी ती फुल्ल करायचे, की आजार परत. फुल्ल करायचं कारणही होतं: उभ्या गाडीची टाकी भरलेली असली की आत दमट हवेला जागा राहत नाही, गंज धरत नाही. मी काळजी घेत होते.

भरलेल्या टाकीवर उपाशी मरणारी गाडी. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून तर दोन दिवस मी या आकड्यांवर विश्वासच ठेवला नाही. पेट्रोल भेसळीचं असेल इथपर्यंत मन गेलं.

त्या आठवड्यात आई म्हणाली, मीही येते. ती गाडीत बसली नव्हती तेव्हापासून. मागच्या सीटवर बसली, नेहमीच्या डाव्या बाजूला. टाकी भरलेलीच होती. मी तिला आधीच सांगून ठेवलं की गाडी बंद पडणार आहे, अर्धा तास थांबावं लागेल, घाबरू नकोस.

बंद पडली. मी बॉनेट उघडलं, ती खाली उतरली, गाडीला वळसा घातला आणि म्हणाली, “ह्यांच्या हातात कधी बंद नाही पडली गं.”

हे वाक्य मी त्या महिन्यांत कुणाकुणाकडून ऐकलं होतं आणि दर वेळी ते मला लागलं होतं. मी काही बोलले नाही. फिल्टरच्या बाटलीकडे बघत राहिले.

“तू टोपण काढून बघत नाहीस का पेट्रोल?”

“काटा चालतो आता आई. मी दुरुस्त केलाय.”

“हे दर थांब्याला बघायचे. काटा बंदच होता ना. टोपण काढायचे, कान लावायचे आणि कंबरेने गाडी हलवायचे. आतलं खळखळलं की सांगायचे, आहे अजून.” मग ती हसली. “टोपण काढलं की गाडी सुस्कारा टाकायची. हे म्हणायचे, दमली.”

मी दोन वेळा विचारलं, सुस्कारा म्हणजे कसा. तिने तोंडाने करून दाखवला. सूंऽऽ.

मी मागे गेले, किल्लीने टोपण सैल केलं. सूंऽऽ झालं, चांगलं दोन-तीन सेकंद, आणि टाकीचा पत्रा आतून टण्णकन वाजला. आत दबलेला पत्रा जागेवर आला होता. लगेच सेल्फ मारला. वाटी भरायला लागला तेवढा वेळ, आणि गाडी सुरू. बंद पडल्यापासून जेमतेम सात मिनिटं झाली होती.

कारण

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. लिटरला बारा किलोमीटर धरले तर पंधरा किलोमीटरांत सव्वा लिटर पेट्रोल जातं. तेवढी हवा टोपणातल्या बारीक भोकातून आत येते. भोक बंद असेल तर टाकीत हवेचा दाब उतरत जातो आणि पंपाला त्या ओढीविरुद्ध खेचावं लागतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर आत वीस लिटरांच्या आसपास मोकळी जागा असते, तिच्यात सव्वा लिटरने फारसा फरक पडत नाही. टाकी तोंडापर्यंत भरलेली असेल तर वरची मोकळी जागाच लिटर-दोन लिटर. तिच्यात सव्वा लिटरने दाब धाडकन उतरतो. पंप हरतो. इंजिन थांबलं की टोपणाच्या कडेने हवा हळूहळू झिरपते आणि अर्ध्या तासाने सगळं ठीक.

बाबांच्या हातात ती का बंद पडत नव्हती त्याचीही दोन कारणं निघाली. एक, काटा बंद असल्याने ते दर थांब्याला टोपण उघडायचे. दोन, ते कधीच टाकी भरायचे नाहीत. पाच-दहा लिटर घालायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा स्वभाव. मी काटा दुरुस्त केला आणि टाकी भरू लागले. म्हणजे दोन चांगली कामं करून मी आजार उघडा पाडला होता.

भोक बंद का होतं, ते टोपण उलटं करून पाहिलं तेव्हा कळलं. टोपणाच्या आत मधे मोकळी असलेली रबरी कडी हवी. त्या मोकळ्या भागातून हवा भोकापर्यंत जाते. माझ्या टोपणात कडी नव्हती, अख्खी चकती होती. सायकलच्या ट्यूबची, कात्रीने कापलेली. कड थोडी वाकडीतिकडी, एका ठिकाणी कात्री बाहेर गेली होती तिथून पुन्हा आत घेतलेली. टोपण रबरावर ठेवून बॉलपेनने गोल आखला होता, ती निळी रेघ पाऊण भागात अजून दिसत होती. पेट्रोलच्या वाफेने रबर फुगून मऊ पडलं होतं, म्हणून आता ते बाबांच्या काळापेक्षाही घट्ट बसत असणार.

“वासासाठी,” आई म्हणाली. “मागे बसलं की मला पेट्रोलचा वास यायचा. मळमळायचं. मग ह्यांनी काहीतरी केलं आणि कमी झाला.”

त्यांना कळलं होतं का? आयुष्यभर स्वतःची गाडी स्वतः उघडणारा माणूस. सुस्कारा ऐकून ‘दमली’ म्हणणारा. मला वाटतं कळलं असणार, आणि चकती काढण्यापेक्षा दर थांब्याला टोपण उघडणं त्यांनी पत्करलं.

मला जे सात महिने आणि नंतरचे नऊ आठवडे कळलं नाही ते असं: माझ्या संशयितांच्या यादीत अकरा गोष्टी होत्या आणि अकराच्या अकरा मी किंवा मिस्त्रींनी हात लावलेल्या. बाबांनी केलेलं एकही काम त्यात नव्हतं. त्यांनी पिळलेल्या वायरी, त्यांनी लावलेला वायसर, त्यांचं टोपण, हे सगळं माझ्या लेखी कंपनीतून आल्यासारखंच होतं. मिस्त्रींनी एकदा टोपणाकडे हात नेला होता; मीच म्हणाले, ते राहू द्या, ते बाबांचं आहे. गेलेल्या माणसाची गाडी हाती आली असेल तर पहिल्याच दिवशी त्यांच्या हातच्या दुरुस्त्यांची वेगळी यादी करा. काढून टाकण्यासाठी नव्हे, तपासण्यासाठी. मी नंतर केली. सतरा निघाल्या. चौदा जागेवरच आहेत, आणि त्यातल्या दोन तरी माझ्यापेक्षा सरस आहेत.

उपाय

पेट्रोल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराच्या शीटमधून नवी कडी कापली, मधे मोकळी. टोपणाच्या दोन पत्र्यांमधली हवेची वाट बारीक तारेने मोकळी केली, मळीने गच्च भरली होती. वरून ड्रिल मारून सरळ आरपार भोक पाडू नका. मूळ टोपणात बाहेरचं आणि आतलं भोक एकमेकांसमोर नसतं, वळण घेऊन हवा जाते, म्हणून वळणावर पेट्रोल उसळलं तरी बाहेर येत नाही. दुसऱ्या गाडीचं टोपण बसतंय म्हणून लावू नका. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत टाकीची वाफ वेगळ्या नळीने कोळशाच्या डब्यात नेतात आणि टोपण मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तसं टोपण या टाकीला लावलं तर हाच खेळ पुन्हा सुरू होऊ शकतो.

आणि मूळ दुखणं राहिलंच होतं: वास. भोक मोकळं केल्यावर तो परत येणार हे उघड होतं. टाकीच्या तोंडाजवळचा रबरी जोड पाहिला, तर खालच्या बाजूने, जिथे डोळा जात नाही, बोटभर लांबीची चीर. वास तिथून डिकीत आणि डिकीतून मागच्या सीटवर येत होता. टोपणाचा त्यात फार वाटा नव्हता. चकतीने थोडा कमी झाला असेल, किंवा आईला बाबांनी काहीतरी केलं एवढ्यानेच बरं वाटलं असेल. जोड बदलला, क्लिपा नव्या लावल्या.

तुमच्या गाडीला हे आहे का ते पाहायला पाना लागत नाही. गाडी बंद पडली की सगळ्यात आधी टोपण उघडा आणि ऐका. आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर पुढचं वाचायचीही गरज नाही. नाही आला तर टोपण घट्ट लावा, थोडं थांबा, मग ठिणगी पाहा, मग पिचकारी, मग फिल्टरची बाटली. बाटली भरलेली आणि वाटी कोरडी असेल तर कार्बोरेटरची नीडल, म्हणजे वाटीत पेट्रोल सोडणारी सुई; बाटली रिकामी असेल तर पंप किंवा त्यामागची नळी. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटून तोही झडपेसारखा वाट अडवतो, बाहेरून नळी नवीकोरी दिसते, हे लक्षात ठेवा. माझ्याकडे ते नव्हतं, पण मिस्त्रींनी दोन गाड्यांत पाहिलंय.

एक फिलर गेज आणि त्या चकतीसाठी डिकीत जुना पत्र्याचा डबा ठेवलाय. चकती वाळून आता आक्रसली आहे, निळी रेघ पुसट झाली आहे.

परवा टाकी मुद्दाम फुल्ल करून निघालो, टोपण न उघडता. चौसष्ट किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं, एकही आचका नाही. आई मागे होती. वास नाही म्हणाली. पोचल्यावर मी काट्याकडे बोट दाखवलं, पाऊण टाकीच्या जरा वर. तिने काट्याकडे पाहिलंही नाही. उतरून मागे गेली, मला टोपण काढायला लावलं. सुस्कारा आला नाही. तिने कान लावला आणि मला म्हणाली, हलव.

मी कंबरेने गाडी हलवली.

“आहे अजून,” ती म्हणाली.